किरण कांद्यावर, नेम शेतकऱ्यावर

कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावात किरणांचे केंद्र उभे राहिले, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली ते उभारले. नाव ठेवले 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. नाव छान आहे. सरकारी योजनांची नावे नेहमीच छान असतात.

तेव्हापासून आम्ही दोन प्रकारची माणसे पाहतो आहोत. पहिला बाजारात, एस.टी.त, पारावर भेटतो आणि कानात सांगतो, किरण मारलेला कांदा खाऊ नका, अणुबाँबचे विष आहे, कॅन्सर होतो. दुसरा मोटारीतून येतो, पडद्यावर चित्रे दाखवतो आणि सांगतो, किरण मारले की कांद्याचा प्रश्न कायमचा सुटला. पहिला न समजून बोलतो. दुसऱ्याला समजते, पण तो अर्धेच सांगतो. आम्हाला दुसऱ्याचा जास्त राग आहे. पण शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, त्याच्याशी भांडायचे तर आधी किरण म्हणजे काय ते आपल्याला नीट कळले पाहिजे. न कळता भांडणाऱ्याला साहेब दोन इंग्रजी शब्दांत गप्प करतो.

किरण सगळे एका जातीचे नसतात. उजेड हाही किरणच. रेडिओच्या लहरी, मोबाईलच्या टॉवरच्या लहरी, शेकोटीची धग, ही सगळी एका घराण्यातली भावंडे. पण त्यांच्यात जोर कमी. ती ऊब देतात, पण शरीरातल्या अणूचे तुकडे पाडू शकत नाहीत. टॉवर आला म्हणून आंब्याचा मोहर गळाला असे सांगणारे आम्हाला भेटले आहेत. मोहर तुडतुड्याने गळाला होता. टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने 2012 साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. तिची मोजणी मागायचा हक्क आपल्याला आहे, तो वापरावा. पण टॉवरला अणुबाँबच्या रांगेत बसवू नये.

खरी जहाल भावंडे वेगळी. रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1895 साली शोधलेले क्ष-किरण, ज्यांनी दवाखान्यात आपला 'फोटो' काढतात. आणि काही धातू आपण होऊन जे बाहेर टाकत राहतात ते अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा कागदाने अडतो, कातडीतूनही आत जात नाही, पण तो टाकणारा कण श्वासातून वा घासातून पोटात गेला तर आतून जाळतो. बीटा पत्र्याने अडतो. गॅमा आणि क्ष-किरण मात्र माणसाच्या आरपार जातात. त्यांना शिसे लागते, जाड काँक्रीट लागते, नाही तर खोल पाणी लागते. हे किरण पेशीतल्या वाढीच्या सूत्रावर घाव घालतात. जी पेशी भराभर दुभंगते आहे तिला पहिला मार बसतो. कांद्याच्या गाभ्यातला कोंब, माणसाच्या हाडातला रक्त तयार करणारा मगज, आतड्याचे अस्तर, आईच्या पोटातले मूल, आणि कॅन्सरची गाठसुद्धा. म्हणून त्याच किरणाने कोंब मरतो, त्यानेच गाठ जळते, आणि त्यानेच चांगला माणूस आजारी पडतो. किती लागले, किती वेळ लागले, कुठे लागले, एवढाच काय तो फरक. किरणाने रॉकेलचा दिवा लावा नाही तर घर पेटवा, अशातली ही गोष्ट आहे.

आता कांद्याचे घ्या. पेटीतला कांदा कोबाल्ट-60 या धातूच्या समोरून जातो. त्याला साधारण 60 ते 90 ग्रे एवढी मात्रा मिळते. ग्रे हे किरणांचे माप. माणसाच्या सर्वांगाला एका दमात चार-पाच ग्रे लागले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. हा आकडा ऐकून पारावरचा मनुष्य म्हणेल, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! पण भल्या माणसा, किरण कांद्याला लागतात, कांदा खाणाऱ्याला नाही. किरण कांद्यात साठून राहत नाहीत. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देतो काय? फोटो काढून आलेल्या पोराजवळ झोपायला आई घाबरते काय? कोबाल्टच्या गॅमा किरणांत एवढा जोर नसतो की कांद्याच्या अणूचे केंद्र फोडून कांद्यालाच किरण टाकायला लावावे. आणि कोबाल्ट कांद्याला शिवतही नाही, तो बंद नळीत असतो.

शेकोटीची धग लागणे वेगळे आणि शेकोटीची राख अंगाला माखणे वेगळे. कांद्याला फक्त धग लागते. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या तज्ज्ञांनी 1980 साली एकत्र बसून 10 हजार ग्रेपर्यंतची मात्रा अन्नाला धोक्याची नाही असे ठरवले. मोठ्या मात्रेत काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, हे खरे आहे. रांधतानाही ती घटतात. भारत सरकारने 1994 साली कांदा, बटाटा आणि मसाल्यांना परवानगी दिली. 2000 साली वाशीला मसाल्यांसाठी केंद्र सुरू झाले. मसाल्यांना कांद्याच्या शंभरपट मात्रा लागते, कारण तिथे कोंब नव्हे तर जंतू मारायचे असतात. एरवी तेच काम इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूने करतात. त्याचा अंश सापडला म्हणून 2024 साली हाँगकाँगने भारतातल्या नामांकित मसाल्यांची विक्री थांबवली. किरणांना विष म्हणणाऱ्यांनी हा वायू आपल्या तिखटात किती आहे, तेही कधी विचारावे.

किरणांचे उपकार आपल्या शेतातही आहेत. ट्रॉम्बेच्या भुईमुगाचा वंश स्पॅनिश इम्प्रूव्हड जातीच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून सुरू झाला. त्याच वंशातला टी.ए.जी.-24 हा 1991 सालापासून आपल्या उन्हाळी रानात आहे. टी.ए.यू.-1 हा उडीद 1985 चा. विदर्भ-मराठवाड्यातल्या किती घरांचे पापड त्या उडदाचे आहेत ते मोजा. कुणाला काही झाले नाही. तंत्रज्ञान आले की छाती बडवायची ही शहरी मंडळींची चैन आहे, ती आपल्याला परवडत नाही.

मग केंद्राने कांदा तारला का? नाही. 'कृषक'चे नाव झाले ते आंब्यामुळे. अमेरिकेने आपल्या आंब्याला अठरा वर्षे दार लावले होते. 2007 साली ते उघडले ते हापूस-केसरला लासलगावात 400 ग्रे देऊन, फळमाशी आणि कोयीतला भुंगा मारून. अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिलेले ते अमेरिकेबाहेरचे पहिले कोबाल्टचे केंद्र. कांद्याच्या गावात कांद्यासाठी बांधलेल्या घरात आंबा पाहुणा म्हणून आला आणि यजमान झाला. आम्हाला आंबेवाल्या कोकणी भावांचा हेवा नाही. त्यांचेही काय होते ते आम्ही पाहतो. मे 2025 मध्ये नवी मुंबईत किरण दिलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडवल्या. आंब्यात दोष नव्हता, किरणांतही नव्हता. कागदात चूक होती. माल परत आणणे परवडेना म्हणून तिथेच नष्ट केला. चूक कुणाच्या टेबलावर झाली याचा वाद चालू राहिला, आंबा मात्र गेला.

कांदा त्या केंद्रात का गेला नाही, याची दोन कारणे. पहिले कारण कांद्याचेच. किरण फक्त कोंब थांबवतात. सड थांबवत नाहीत, वजनातली घट थांबवत नाहीत. काढणीनंतर कांदा झोपेत असतो तेवढ्या काही आठवड्यांतच किरण दिले पाहिजेत. कोंब आतून हलू लागल्यावर दिलेले किरण वाया. आणि दिल्यावरही कांदा हवेशीर चाळीत नाही तर थंड जागी ठेवावाच लागतो. पावसात भिजलेला, नत्र जास्त झालेला, मान जाड राहिलेला कांदा कोबाल्टसमोर नाचवला तरी सडणारच. चाळीत चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल जातो असे सरकारचेच कागद सांगतात. त्यातला कोंबाचा वाटा किती आणि सडीचा-घटीचा किती, हे पडद्यावरच्या चित्रात कधी दाखवत नाहीत. आम्ही अर्धे सांगणारा म्हणालो तो यासाठी.

दुसरे कारण सरकारचे, आणि तेच मोठे. साठवण कोण करतो? ज्याला पुढे भाव मिळण्याची आशा आहे तो. कांदा सहा महिने टिकवायला मी दोन पैसे जादा खर्च करावेत, आणि सहाव्या महिन्यात भाव वर आला की दिल्लीने दार लावावे, हा धंदा कोण शहाणा करील? 29 सप्टेंबर 2019 रोजी निर्यातबंदी. 14 सप्टेंबर 2020 रोजी निर्यातबंदी. त्याच वर्षी ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळला 2 टन. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी. ती उठली मे 2024 मध्ये, तीही किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क डोक्यावर ठेवून. शुल्क पूर्ण गेले ते 1 एप्रिल 2025 रोजी, म्हणजे रब्बीचा नवा कांदा बाजारात कोसळायला लागल्यावर. तारखा पाहा. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर. चाळीतला कांदा ज्या महिन्यांत चार पैसे देऊ शकतो नेमके तेच महिने. एका हाताने साठवणुकीचे यंत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने साठवणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचे. यात कोबाल्टने काय करावे?

आणि कोबाल्टची एक खोड आहे. तो वाट पाहत नाही. त्याचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे दर वर्षाला सुमारे बारा टक्के गळतो. केंद्रात कांदा आला तरी गळतो, नाही आला तरी गळतो. रिकामे ठेवलेले गोदाम निदान गोदाम तरी राहते. रिकामे ठेवलेले कोबाल्टचे केंद्र दरवर्षी जनतेच्या पैशाने आणलेला धातू हवेत उडवत असते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाआधीपासून अशा पन्नास केंद्रांची भाषा सुरू झाली आहे. अर्थसंकल्पात लघुउद्योगांसाठी पन्नास केंद्रांना साहाय्य जाहीरही झाले. पन्नास बांधा, शंभर बांधा. पण पहिल्याचा हिशेब कुठे आहे? लासलगावात किती कांदा किती वर्षी गेला, किती महिने केंद्र रिकामे राहिले, शेतकऱ्याचा कांदा किती आणि सरकारचा किती, हे एका कागदावर द्या. आम्ही तो बैठकीत वाचून दाखवू.

सरकारचा कांदा हा शब्द मुद्दाम वापरला. कारण 2023 पासून केंद्राचे ग्राहक खाते आपल्या राखीव साठ्याच्या कांद्याला किरण द्यायची भाषा करीत आहे. हे खाते शेतीचे नव्हे, ग्राहकांचे आहे, हे ध्यानात घ्या. त्या वर्षी राखीव साठा आधी तीन आणि मग पाच लाख टनांचा ठरवला. हा कांदा आमच्याकडून उन्हाळ्यात, भाव पडलेला असताना घेतात. ऑगस्ट 2023 पासून तो 25 रुपये किलोने शहरात विकला. सप्टेंबर 2024 पासून 35 रुपयांनी विकला. त्या ऑक्टोबरात तर नाशिक जिल्ह्यातून 1600 टनांची 'कांदा एक्सप्रेस' वाजतगाजत दिल्लीला नेली. आजवर या साठ्याला एक नैसर्गिक लगाम होता. सरकारी गोदामातला कांदाही सडत होता, कोंब फुटत होता. कोंबाचा लगाम किरणांनी सुटला तर सरकारचा कांदा आणखी दोन महिने थांबेल, आणि आपल्या चाळीचे कुलूप उघडण्याच्या मुहूर्तालाच बाजारात ओतला जाईल. आपल्याच कराच्या पैशातून कोबाल्ट, आपलाच स्वस्तातला कांदा, आणि मार आपल्याच पाठीवर. तंत्र चांगले आहे. हात वाईट आहे.

म्हणून आमचे म्हणणे किरणांविरुद्ध नाही. केंद्र शेतकऱ्यांच्या कंपन्यांना, सहकारी संघांना, ज्याला हवे त्याला खुले करा. पाकिटावर विकिरणाचे हिरवे चिन्ह ठळक लावा, ज्याला नको तो घेणार नाही. आणि निर्यातीचे दार बारा महिने उघडे ठेवा. मग किरण द्यायचे की नाही ते शेतकरी हिशेबाने ठरवील.

आता भीतीचे. कांद्यातल्या किरणांची भीती घालणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की भ्यायची जागा दुसरीकडे आहे आणि तिथे कुणी पाहत नाही.

तालुक्याच्या गावी आमच्यातल्या एकाने नातवाचा हात मोडला म्हणून फोटो काढायला नेला. खोलीला दार नव्हते, पडदा होता. पडद्यापलीकडे बाकावर आठ माणसे, त्यांत एक गरोदर बाई. पोर हलते म्हणून आजोबालाच त्याला धरायला सांगितले. अंगावर शिशाचा एप्रन दिला नाही. एप्रन होता, खुंटीला, धुळीने पांढरा झालेला. एका फोटोने आजोबाला काही होणार नाही. छातीच्या एका फोटोला मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी मात्रा लागते, आणि जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतच असतात. पण बाकावरच्या माणसांना ते विनाकारण का मिळावे? आणि रोज तिथे उभा राहणारा कंपाउंडर? त्याच्या छातीला मात्रा मोजणारा बिल्ला हवा. त्याला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा कायद्याने आहे, सामान्य माणसाला 1 ची. मोजलेच नाही तर मर्यादा कुठली? क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो भिंतीवर आहे का, हे विचारायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. आणि सी.टी. स्कॅन म्हणजे मोठा फोटो नव्हे. पोटाच्या एका सी.टी.त छातीच्या शंभरभर फोटोंइतके किरण लागू शकतात. जीव वाचवायला लागेल तिथे तो जरूर काढावा. पण डोके दुखले की स्कॅन, हे वैद्यक नव्हे, दुकान आहे. किरणही जादा आणि बिलही जादा. गरोदर बाईने फोटोआधीच दिवस गेल्याचे सांगावे, न लाजता.

दुसरी जागा आपल्याच बांधाशी आहे. गॅसच्या, तेलाच्या पाइपलाइनी आपल्या रानातून जातात. मोबदल्याच्या भांडणात आपण असतो, पण पाइपाचे वेल्डिंग तपासायला रात्री जी पेटी आणतात तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. त्या पेटीत बहुधा इरिडियम-192 चा करंगळीच्या टोकाएवढा तुकडा असतो. 2000 साली इजिप्तमध्ये मीत हल्फा गावच्या एका शेतकऱ्याला असाच हरवलेला तुकडा सापडला. चकाकता, मोलाचा धातू असेल म्हणून घरी नेला. आधी नऊ वर्षांचा पोरगा गेला, मग बाप. घरातली बाकीची माणसे आजारी पडली. अंगावर जखमा उठल्या तरी आधी कुणाला किरण सुचले नाहीत.

आपल्याकडे 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांचे तेच झाले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कोबाल्टचे जुने यंत्र 1985 पासून वापराविना पडले होते, ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कामगारांनी ते फोडले. एकजण मेला, सात-आठजण हॉस्पिटलात. पदवीधरांच्या घरातली चूक आणि मेला भंगार फोडणारा. ब्राझीलच्या गोयानियात 1987 साली ओसाड दवाखान्यातून काढलेल्या यंत्रात निळा चमकणारा सिझियमचा भुगा निघाला. लोकांनी तो कौतुकाने घरोघर वाटला, अंगाला चोळला. चारजण गेले, 249 जणांच्या अंगात वा अंगावर तो सापडला. शेकोटीची राख माखणे म्हणजे काय ते हे.

म्हणून पोराबाळांना शिकवावे. पिवळ्या पाटीवर पंख्यासारखी तीन पाती दिसली की हात लावायचा नाही. लांब जायचे. अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते, हा किरणांचा कायदा मंत्र्यालाही बदलता येत नाही. थोडा वेळ, लांब अंतर, मध्ये जाड आडोसा, एवढ्या तीन गोष्टी. जडशीळ, शिशाची, अनोळखी पेटी भंगारात आली तर फोडायची नाही, माणसे हटवून पोलिसांना कळवायचे. आणि पाइपलाइनवाल्यांना लेखी विचारायचे की तपासणीच्या रात्री दोर कुठवर बांधणार, पाटी कुठे लावणार, आणि काम संपल्यावर तुकडा पेटीत परत गेल्याचे मोजून कोण सही करणार.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या क्ष-किरण केंद्रांची पाहणी करून यावे. परवाना भिंतीवर आहे का, दाराला शिसे आहे का, एप्रन वापरात आहे का, कंपाउंडरला बिल्ला आहे का. नाव घेऊन बदनामी करायची नाही, पाहिलेले तेवढेच लिहायचे. ज्यांच्या रानातून पाइपलाइन गेली आहे त्यांनी गट नंबर आणावेत. कांद्याच्या केंद्राचा वर्षवार हिशेब मागणारा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, त्यावर सह्या सकाळच्या सत्रातच होतील. चाळीत या वर्षी किती गेला, त्यातला सडून किती आणि कोंबाने किती, हा अंदाज ज्याला सांगता येईल त्याने वहीसकट यावे.